कातडं काढायचा दिवस

१

करडांच्या बाबतीत बायडाबाईचा हात धरणारं पिंपळनेरच्या पंचक्रोशीत कोणी नव्हतं. अठरा शेळ्या होत्या तिच्या. सकाळी बांबूच्या डालग्याखालची करडं मोकळी केली की अंगणात एकच कालवा व्हायचा. नवख्या माणसाला सगळी करडं सारखीच दिसतात आणि सगळी सारखीच ओरडतात. पण करडू बरोबर आपल्याच आईकडे धावतं, आणि शेळीही शेपटीखाली हुंगून खात्री झाल्याशिवाय त्याला सडाला तोंड लावू देत नाही. दुसरीचं पोर चुकून घुसलं, तर शिंगाने असं भिरकावते की ते पुन्हा त्या वाटेला जात नाही.

त्या सोमवारी चंद्रीचं करडू मेलं. दुसऱ्या एका शेळीला, भुरीला, तीन झाली होती आणि तिच्या अंगावर दूध दोघांपुरतंच होतं. बायडाबाईने काय करायचं ते केलं. मेलेल्या करडाचं कातडं सोललं, त्याला पायांसाठी भोकं पाडली आणि भुरीच्या तिसऱ्या करडाला बंडीसारखं चढवून पोटाखाली सुतळीने बांधलं. चंद्रीने हुंगलं, जरा थबकली, आणि पान्हा सोडला. झालं काम.

यात पाळायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे खऱ्या आईचा आवाज करडाच्या कानावर पडू द्यायचा नाही. म्हणून भुरीला दिराच्या, आबाच्या, लांबच्या गोठ्यात पाठवलं. दुसरी म्हणजे चौथ्या दिवशी कातडं काढायचं. तोवर दूध पोटात जाऊन करडाच्या अंगालाच नव्या आईचा वास लागतो. मग भुरीला परत आणली तरी भुरीच त्याला ढुशी देते. स्वतःच्या पोटच्या पोराला! बायडाबाईला याचं दर वेळी हसू यायचं.

एकदाच चुकलं होतं. तापाने फणफणली होती ती, आणि कातडं दहा दिवस तसंच राहिलं. काढायला गेली तर ते चिकटून बसलेलं. ओढलं तेव्हा करडू जे ओरडलं, ते ओरडणं ती अजून विसरली नव्हती. आबाने ते करडू बांधाला पुरलं.

मंगळवारी पहाटे ती वापीच्या एस.टी.त बसली. चौथ्या दिवसाच्या आत परत यायचंच होतं. पण जाणंही भाग होतं, कारण तिकडे कारखान्यात कामाला गेलेल्या विकीचा, तिच्या एकुलत्या एक पोराचा, दोन महिने फोन नव्हता. लावला तर कोणी उचलत नव्हतं. त्याच्याच कारखान्यातल्या गावच्या चिंधाने सांगितलं होतं, "काकू, तो आते टोकरखाडामा एक साहेबना घर ऱ्हास. जाडा व्हयना." साहेबाच्या घरी राहतो, जाडा झाला, चांगलंच झालं. पण ज्याने बारा वर्षांचा असताना बापाच्या तिरडीपुढे मडकं धरलं आणि नंतर माय एकटी झोपते म्हणून वर्षभर उंबऱ्यात आडवा पडला, त्या पोराने दोन महिने आवाज देऊ नये? ती त्याला घरी आणायला निघाली होती. कारखाना गेला खड्ड्यात.

२

वापीपुढच्या टोकरखाड्यातल्या त्या कॉलनीत घर सापडायला त्रास झाला नाही. तळमजला, दारात तुळस, दारावर पाटी. दार उघडलं ते साहेबांच्या बायकोने, मंगलाबाईंनी. बायडाबाईने विकीचं नाव घेतलं. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, मूळच्या कोकणातल्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या.

"विकीच्या..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून काही केल्या निघेना. मग म्हणाल्या, "या ना, आत या. तो पाळीवर आहे. साडेतीनला येईल."

घर गार होतं, स्वच्छ होतं. पंखा कुरकुरत होता. बायडाबाईने सवयीने नाक वर केलं. खोबरेल तेल, तळलेल्या मासळीचा वास, उदबत्ती. पोराचा वास कुठेच नव्हता. त्याची वळकटी नव्हती, पत्र्याची पेटी नव्हती. आतल्या खोलीत नीट चादर घातलेली कॉट होती आणि टेबलावर कॉलेजची पुस्तकं होती.

भिंतीवर हार घातलेला फोटो. विशीतला पोरगा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वरची गुंडी लाल दोऱ्याने शिवलेली.

"आमचा अभिजीत," मंगलाबाई म्हणाल्या. "गुंडी तुटली होती, आणि घरात तेव्हा पांढरा दोराच नव्हता."

तो कसा गेला ते दत्तात्रयसाहेबांनी जेवताना सांगितलं. गेल्या वर्षी, दमणगंगेत. मित्रांबरोबर पोहायला गेला होता. साहेब सरकारी पशुधन खात्यात होते. गावोगाव फिरून लसी टोचायचे, टॅग लावायचे. शेळ्यांचा विषय निघाला तसा माणूस खुलला. बायडाबाईने चंद्रीची गोष्ट सांगितली. साहेबांचा घास हातातच राहिला.

"आम्हीही करायला सांगतो तसं," ते म्हणाले. मग बायकोकडे बघून त्यांनी घाईने पाणी मागितलं.

३

साडेतीनला दार वाजलं. बायडाबाई उठून उभी राहिली. विकी आत आला आणि तिची नजर आधी भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

त्याच्या अंगात तोच शर्ट होता. निळे-पांढरे पट्टे, मनगटापर्यंत बाह्या, वरची लाल दोऱ्याची गुंडीसुद्धा लावलेली. मे महिना, बाहेर अंगाची लाही होत होती.

"आई, तू कधी आलीस?" तो म्हणाला.

आई! जन्मात त्याने तिला आई म्हटलं नव्हतं. माय म्हणायचा. आणि हा हेल? हेल तर या घरातला होता. शहराची हवा लागली असेल, ती मनाला म्हणाली. लोकांच्या घरी राहायचं तर त्यांच्यासारखं बोलावं लागतं.

"कसा शे रे भाऊ?" तिने त्याला जवळ ओढलं आणि डोकं हुंगलं. तो लहान होता तेव्हापासूनची तिची सवय. ताक आणि उन्हात वाळलेलं गवत, असा काहीसा वास होता त्याच्या टाळूला. तिने डोळे मिटून शोधला. खोबरेल होतं. तेलाखाली दुसरंच काही होतं, ओलसर, नदीकाठच्या गाळासारखं. कारखान्यातलं काहीतरी असेल. तिथे काय काय लागत असेल अंगाला, तिला काय माहीत!

"सदरा काढ ना. गरम व्हस."

तो हसला नाही, रागावला नाही. फक्त वरच्या गुंडीवर हात ठेवला.

तेवढ्यात मंगलाबाई ताट घेऊन आल्या. ताट ठेवण्याआधी त्या विकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि मानेपाशी, कॉलरच्या आत, नाक घालून हुंगलं. जरा थबकल्या. मग त्यांचं सगळं अंग सैलावलं, चेहरा पाझरला, आणि त्यांनी ताट पुढे ठेवलं. बायडाबाईने हे अंगणात हजार वेळा पाहिलं होतं. बाईमाणसात पाहिलं नव्हतं.

ताटात बांगडा होता. वास आला तरी ओकारी काढणारा तिचा पोरगा काटे वेचून मन लावून जेवला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो पाळीवर निघण्याआधी, तिने शेवटचं शहाणपण वापरलं. करडांना बोलवायची तिची एक हाळी होती, जीभ टाळूला लावून काढलेली. विकी रांगायचा तेव्हापासून ती त्यालाही तशीच बोलवायची. शेतात कुठेही असला तरी तो त्या हाळीला धावत यायचा. मोठा झाल्यावर मित्रांसमोर लाजायचा, पण यायचा.

तो पायऱ्यांवर बूट घालत होता. बायडाबाई फाटकापाशी गेली आणि तिने हाळी घातली.

समोरच्या घरातला कुत्रा उठून बसला. विकीने मान वर केली नाही. बहिरा झाला का? तिने पुन्हा घातली, मोठ्याने. त्याच वेळी स्वयंपाकघरात मंगलाबाईंच्या हातून वाटी पडली. नुसती वाटी, एवढीशी. विकी एका पायात बूट घालून तसाच आत पळाला.

बायडाबाई उन्हात उभी राहिली. पोरं बदलतात, ती स्वतःला सांगत होती. चांगलंचुंगलं खायला मिळालं की माणूस जरा मायेला विसरतो. पण चौथा दिवस उद्यावर आला होता, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

५

दहाच्या सुमाराला साहेब म्हणाले, "खेरडीला लसीकरण आहे. येता का? तुमच्या कामाचंच आहे." ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसली. खेरडीत एका आंब्याखाली शेळ्या बांधल्या होत्या. साहेबांनी लसीची पेटी उघडलीच नाही. खोडाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले,

"बाई, माझ्या हातून चूक झाली."

ती शेळ्यांकडून त्यांच्याकडे वळली.

"मंगलाने अन्न सोडलं होतं. अभिजीतच्या खोलीत जायची आणि भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टर झाले, सगळं झालं. विकी तेव्हा आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आला. एक दिवस कारखान्यातून आला तो तेलाने माखलेला. मी त्याला अभिजीतचा शर्ट दिला. माझ्या मनात काय होतं ते मी नाकारत नाही. तीस वर्षं हेच तर करत आलोय. त्या दिवशी ती जेवली, बाई. त्याला वाढलं आणि स्वतः जेवली."

"आणि मना फोन?"

साहेबांनी खाली बघितलं. "मीच सांगितलं त्याला, थोडे दिवस घरी बोलू नकोस. तुम्हाला तर माहीत आहे, का सांगितलं ते."

तिला माहीत होतं. भुरीला आबाच्या गोठ्यात तिनेच पाठवलं होतं. शिवी ओठापर्यंत आली आणि तिथेच विरली.

"चार दिवसांनी काढायचा होतास ना!" ती एकेरीवर आली ते तिलाही कळलं नाही.

"काढला." साहेब एकदम म्हणाले. "पाचव्या दिवशी काढून घेतला आणि मागच्या अंगणात जाळला. राख मी स्वतः हाताने उकरून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आला तेव्हा तो शर्ट त्याच्या अंगात होता. लाल दोऱ्यासकट."

एक शेळी दाव्याला हिसके देत होती.

"मी म्हटलं, मंगलाने तसाच दुसरा शिवला असेल. असंच असेल ना? पण त्यानंतर मी त्याला तो काढताना पाहिलेलं नाही. तुम्ही त्याची आई आहात. तुमच्या हाताला येईल कदाचित."

६

चार वाजता साहेब मंगलाबाईंना बाजारात घेऊन गेले. अर्ध्या तासाहून जास्त ती बाहेर राहत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. बायडाबाईने दाराला कडी घातली आणि विकीला कॉटवर बसवलं. तो बसला. कसला विरोध म्हणून नाही. हात मांडीवर, नजर दाराकडे.

"भाऊ, मी तुनी माय शे. चाल घर. चंद्रीनं दूध काढाले कोणी नही." बोलत बोलत तिने वरच्या गुंडीला हात घातला.

पहिली सुटली. दुसरी सुटली. ती सोपं सोपं बोलत राहिली, आबाचा गुडघा, विहिरीचं पाणी, शेजारणीचं भांडण. बिचकणाऱ्या जनावराशी बोलावं तसं. तिसरी, चौथी, सगळ्या गुंड्या सुटल्या. मग तिने शर्टाची कड धरून बाजूला केली.

कड उचलली गेली नाही.

घामाने चिकटली असेल. तिने तांब्यातलं पाणी बोटांनी लावलं, कोमट पाण्याने भिजवतात तसं भिजवलं. कडेखाली नख सारलं. कापड कुठे संपतं ते नखाला सापडेना. बाहेर रिक्षा गेली, पंखा कुरकुरला. खिडकीतून ऊन बरोबर त्याच्या छातीवर पडलं होतं. तिने वाकून पाहिलं. एक निळी रेघ शर्टावरून कडेपर्यंत आली होती आणि शर्ट संपला तरी ती संपली नव्हती. गळ्याच्या हाडाखालून, कातडीच्या आतून, शिरेसारखी पुढे गेली होती. तिच्या शेजारी दुसरी. तिच्या शेजारी तिसरी.

शीर असेल. अशक्तपणात दिसतात शिरा. पण शिरा अशा सारख्या अंतरावर नसतात. तिने दात आवळले, कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

विकी ओरडला.

माणसाचं ओरडणं नव्हतं ते. बायडाबाईने ते आधी एकदाच ऐकलं होतं, दहा दिवस कातडं राहिलेल्या त्या करडाच्या तोंडून. तिने कड सोडली. आबाने त्या करडाला पुरलं तेव्हा खड्डा किती लहान लागला होता, तेही तिला आठवलं.

आणखी ओढलं तर निघेल. निघाला तर आतून काय निघेल? आणि निघाल्यावर काय उरेल? जिवंत पोर हवं, मग कोणाचंही असो, असं एक आई म्हणते. आपलंच हवं, असंही एक आईच म्हणते. बायडाबाईच्या आत त्या दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि वेळ संपत चालला होता. फाटक वाजलं. दारावर थाप पडली, मग पुन्हा, मग दोन्ही हातांनी. मंगलाबाई नुसत्या दार ठोठावत होत्या, आणि दारापलीकडून त्यांचा जोरजोरात हुंगण्याचा आवाज येत होता.

बायडाबाईने एक एक गुंडी पुन्हा लावली. लाल दोऱ्याची सगळ्यात शेवटी. मग जाऊन कडी काढली.

७

गुरुवारी सकाळी सहाला विकी तिला रिक्षा थांब्यावर सोडायला आला. एकटा. मंगलाबाई फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांना आता भीती उरली नव्हती.

मसाटच्या कारखान्यांकडे जाणारी माणसं डबे घेऊन चालली होती. वापीची रिक्षा भरत होती. विकीने तिची पिशवी आत ठेवली. मग तिच्याकडे वळला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत तिची ओळख आली. खोल पाण्यातून कोणीतरी वर यावं तशी आली.

"माय," तो म्हणाला. "माले घर लई चाल."

त्याला घरी न्यायलाच तर ती आली होती. हाच. हाच तिचा आवाज, तिची बोली, तिचा विकी. तिने दोन्ही हात पसरले. तो लहान पोरासारखा पुढे झाला, त्याचं डोकं तिच्या खांद्याशी आलं, आणि तिने सवयीने टाळूवर नाक टेकलं.

मग जे झालं ते तिने केलं नाही. शप्पथ घेऊन सांगेल ती. तिच्या मनात नव्हतं. मान आपोआप मागे गेली, आणि तिच्या दोन्ही तळव्यांनी त्याला छातीवर एवढ्या जोराने ढकललं की तो रिक्षेच्या लोखंडी दांडीवर आपटला.

तो पुन्हा पुढे आला. करडं दोनदा येतातच. तिने पुन्हा ढकलला.

तिसऱ्यांदा तो आला नाही. जरा वेळ उभा राहिला, कुठून मार बसला हे न समजल्यासारखा. त्याच्या डोळ्यांतली ओळख हळूहळू बुडाली. मग तो वळला आणि टोकरखाड्याकडे चालू लागला, आधी हळू, मग भराभर, मग पळत.

तिला हाळी घालायची होती. तिने जीभ टाळूला लावली. तेवढ्यात रिक्षा सुटली.

८

दुपारी उशिरा ती घरी पोचली. आबा अंगणात चाऱ्याच्या पेंढ्या सोडत होता. पडवीत चंद्री उभी होती आणि कातडं घातलेलं करडू तिच्या पोटाखाली शेपटी हलवत पीत होतं.

"पोऱ्या ऊना नही?" आबाने विचारलं.

"तेनी मायनी धाडा नही," बायडाबाई म्हणाली.

आबाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सुतळी कापायला विळा पुढे केला. तिने सुतळी कापली. कातडं सुटून हातात आलं, अगदी सहज, चौथ्या दिवशी येतं तसं. चंद्रीने उघडं करडू हुंगलं आणि पुन्हा पिऊ दिलं.

मग आबाने रीतीप्रमाणे भुरीला आणली. आपलं करडू दिसताच भुरी ओरडत, दावं तोडत पुढे आली. बायडाबाई मध्ये पडली. तिने भुरीच्या गळ्याला मिठी मारली आणि तिचं तोंड आपल्या पदरात घट्ट दाबून धरलं.

"नको हुंगू," ती म्हणत राहिली. "नको हुंगू, बाई. लांबूनच देख."